धर्मपालभाऊचं एकच वाक्य

धर्मपालभाऊ गेला तेव्हा शोकसभेत जो तो उठून म्हणाला, यानं वस्तीला इंग्रजी शिकवली. खोटं आहे. त्यानं आम्हाला एकच वाक्य शिकवलं, आणि त्या वाक्यापायी आमच्या वस्तीतली तीन माणसं मेली. मी हे रागात लिहिते आहे असं कोणाला वाटलं तर बरोबरच वाटतंय. त्यातला राग त्याच्यावर किती आणि माझ्या स्वतःवर किती, एवढंच मला अजून नीट सांगता येत नाही.

मी रुखमा, देवरावची पोरगी. पुढं मास्तरीण झाले म्हणून हे असं पुस्तकी लिहिता येतं. अठ्ठावन्न साली मी एकोणीस वर्षांची होते आणि नवऱ्यानं टाकलेली होते. दारव्ह्यापासून पाच कोसांवर आमचं सावळदरी. गावाच्या खालच्या अंगाला आमची चाळीस घरं, आणि धर्मपालभाऊचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून.

त्याचं पहिलं नाव उकंडा. त्याच्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून मथुरामायनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि तेच नाव दिलं, यमाची दृष्ट पडू नये म्हणून. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला तो धर्मपाल होऊन आला. आम्ही दुसऱ्या दिवसापासून त्याला धर्मपाल म्हणायला लागलो. पुंडलिकराव पाटील मात्र शेवटपर्यंत "अरे उकंड्या" म्हणत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

इंग्रजी त्यानं पुस्तकातून घेतलेली नव्हती. इंग्रजांच्या काळात तो जंगलातल्या डाकबंगल्यावर बारा वर्षं खानसाम्याच्या हाताखाली होता. साहेब लोक शिकारीला यायचे, रस्सा ओरपायचे आणि गप्पा हाणायचे. हा मागं उभा राहून ऐकायचा. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. बुढ्या साहेबांची अर्धी बडबड हीच, की पूर्वी कसं होतं आणि आता कसं झालं. इथं वाघ असायचे, आता राहिले नाहीत. ही वाट चांगली होती, आता बिघडली. मी चिरूट ओढत असे, आता सोडला. आणि हे सांगायला त्यांच्याकडे मोजके पाच-सहा शब्द, तेच फिरवून फिरवून वापरायचे.

"यूज्ड टु," धर्मपालभाऊ आम्हाला सांगायचा. "म्हंजे करत होतो. पन नुसतं करत होतो नाही. आता करत नाही, हे बी त्याच्याच पोटात आलं. अलग सांगायचं काम नाही. तरी आपन सांगू. एनी मोअर. म्हंजे आता यापुढं नाही."

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर त्यानं दिवेलागणीला समाजमंदिरात वर्ग सुरू केला. आम्ही पंधरा-वीस जणं बसायचो, त्यात बाया दोनच, मी आणि त्याची बायको कांताबाई. फळा म्हणजे दाराची फळी, खडू म्हणजे चुनखडी. ए बी सी डी नाही, कॅट नाही, डॉग नाही. पहिल्याच दिवशी त्यानं फळीवर वाक्य लिहिलं आणि आम्ही ते न वाचता, नुसतं ऐकून पाठ केलं:

वुई यूज्ड टु ड्रॅग डेड कॅटल. वुई डोन्ट एनी मोअर.

आम्ही मेलेली ढोरं ओढत होतो. आता ओढत नाही.

बाप्पा, काय जोर होता त्या वाक्यात! वीस जणं एकदम म्हणायचो तर कौलावरची चिमणी उडायची. मग आम्ही त्यात बाकीचं घालायला लागलो. वुई यूज्ड टु ईट स्टेल ब्रेड. मागून आणलेले शिळे तुकडे खात होतो, आता नाही. वुई यूज्ड टु स्टँड आउटसाइड. दाराबाहेर उभे राहत होतो, आता नाही. मी एक दिवस उठून म्हटलं, आय यूज्ड टु हॅव अ हजबंड. सगळे खो खो हसले, मीही हसले. घरी येऊन मग रडले.

मथुरामाय दारात बसून वाती वळत ऐकायची. ऐंशीची असेल. ती म्हणाली, "काहून रे पोरा? 'होतं, आता नाही', एवढं आपल्या बोलीत नाही सांगता येत? त्याले इंग्रजी कायले लागते?"

"माय, आपल्या बोलीत सांगितलं तं पाटील म्हनते, उकंड्या बरळून राह्यला. इंग्रजीत कागदावर लिहिलं का तो कागद तालुक्यात जाते. त्याले उत्तर द्या लागते."

"आनी 'अजून'ले काय म्हंतेत तुहे साहेब? अजून ओढतो, असं म्हनाचं असलं तं?"

धर्मपालभाऊनं फळी पुसायला घेतली. "त्याले स्टिल म्हंतेत," तो म्हणाला. "तो शब्द आपल्याले नाही लागत." आणि खरंच, तो शब्द त्यानं फळीवर कधी लिहिला नाही.

गावाला हे सगळं ऐकू जात होतं. ओढायचं बंद केल्यावर आधी कामं बंद झाली. कापूस वेचायला दुसऱ्या गावाहून बाया आणल्या. मग दुकानदार तेलमीठ देईना. अठ्ठावन्नच्या चैत्रात आमची विहीर तळाला गेली तेव्हा पुंडलिकरावांनी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवर बोरीबाभळीचे काटे टाकले. वाट त्यांच्या शेताच्या कडेनं जात होती. आजापणज्यापासूनची पाण्याची वाट, पण बांध त्यांचा. आम्ही दीड कोस वळसा घालून पाणी आणायला लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

धर्मपालभाऊनं अर्ज लिहिला, अर्थात इंग्रजीत. आम्ही पूर्वी मेलेली जनावरं ओढत होतो, आता ओढत नाही, त्याचा राग धरून गावानं पाण्याची वाट अडवली आहे, ती मोकळी करून मिळावी. खाली सही, धर्मपाल. तालुक्यातून निरोप आला की नायब तहसीलदार येत्या गुरुवारी समक्ष येऊन पाहणी करतील.

पाटलांनीही आपलं म्हणणं पाठवून दिलंच होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वस्तीची काही तक्रारच नाही, सगळं काम पूर्वीसारखं चालू आहे, एक खानसामा खोडी काढतो आहे. म्हणजे गुरुवारच्या आत आमच्यातला एकही माणूस मेलेल्या जनावराच्या दोरीला हात लावताना दिसला असता तर अर्ज खोटा आणि वाट कायमची बंद. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही समजत होतं.

सोमवारी सकाळी धर्मपालभाऊचा मोऱ्या बैल मेला.

एक बैल त्याचा आणि एक माझ्या बाचा, अशी दोघांची मिळून जोडी होती. रविवारी मोऱ्यानं चांगला कडबा खाल्ला होता. सकाळी अंगणात आडवा, तोंडाला फेस, डोळे उघडे. गव्हाणीपाशी ज्वारीच्या पिठाचा अर्धा गोळा पडलेला. आमच्याकडे कोणी बैलाला पिठाचे गोळे घालत नाही, खायलाच पीठ नव्हतं. कोणी काय घातलं याचा पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता आणि आता तर नाहीच. पण उन्हं वर यायच्या आत पाटलांचा पोरगा बबनराव दोन माणसं घेऊन वस्तीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली येऊन बसला होता. आमच्याकडून कोणीही बातमी दिली नव्हती.

"काय गा देवराव," तो माझ्या बाला म्हणाला, "बैल गेला म्हंते उकंड्याचा. न्या मंग. कोनं अडवलं? तुमचंच काम हाये."

मेलेली ढोरं टाकायची हाडकीची जागा गावाच्या पलीकडं, ओढ्याच्या खालच्या अंगाला. तिथं न्यायचं तर चावडीवरून जायचं. बा म्हणाला, गाडीत घालून नेऊ. धर्मपालभाऊ म्हणाला, "गाडीत नेलं तरी नेलं कोनं? गुरुवारी हा बबनरावच साहेबाले सांगीन, म्या डोयानं पाह्यलं म्हून." गावातलं दुसरं कोणी येऊन ओढणार नव्हतं हे सांगायला नकोच. वैशाखाचं ऊन. दुपारपर्यंत बैल फुगायला लागला. माश्या अशा, की बोलायला तोंड उघडता येईना.

तेव्हा मीच म्हणाले. मी, रुखमा. "भाऊ, ओढाचा नाही ना? मंग नका ओढू. इथंच गाडू. जिथं पडला तिथं खड्डा करू."

सगळ्यांचे चेहरे उजळले. दोरी नाही, ओढणं नाही, बबनरावानं पाहायचं ते पाहावं. धर्मपालभाऊनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला एवढा अभिमान वाटला की आत्तासुद्धा आठवलं की लाज वाटते.

एकटी मथुरामाय उठून मधे आली. "इथं नको," ती म्हणाली. "खाली इहिर हाये. पानी वरून खाली येते. माह्या बापानं हजार ढोरं ओढली असतीन, एक बी इहिरीच्या वरच्या अंगाले नाही टाकलं. हाडकी तिकडं हाये ते काही उगाच नाही. पानी पाहून जागा धरली होती जुन्या मानसांनी."

तिचं अंगण आणि विहीर यांत वीस पावलं नव्हती, आणि उतार विहिरीकडं. तिला दिसत होतं. आम्हालाही दिसायला हवं होतं. ढोर कुठं टाकायचं, किती खोल, वारा कुठला, पाणी कुठलं, हे सगळ्या पंचक्रोशीत आमच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पण ते कळणं म्हणजेच तर आमची लाज होती. ओढणं टाकलं त्या दिवशी आम्ही त्याच्यासोबत तेही टाकलं.

"माय वो," मी म्हणाले, "ते सारं जुनं झालं. ते आपन करत होतो. आता नाही."

वर्गातलं वाक्यच मी तिच्या तोंडावर मारलं. पोरं हसली. ती भिंतीला धरून आत गेली.

खणायला दीड दिवस लागला. मुरमाड जमीन, सब्बल आपटली की ठिणगी. कमरेच्या वर थोडं गेलो आणि खडक लागला. त्याच्या खाली जाईना. मोऱ्याला कडेवरून खड्ड्यात लोटलं आणि वरून माती, दगड, काटे टाकले. बबनराव मंगळवारी संध्याकाळी उठून गेला.

गुरुवारी साहेब आले. नाकाला रुमाल लावून अंगणातला उंचवटा पाहिला. पुंडलिकराव हात बांधून अदबीनं उभे. साहेबांनी धर्मपालभाऊला इंग्रजीत विचारलं. त्यातला एक शब्द मला कळला. स्टिल. अजून करता का हे काम?

धर्मपालभाऊ ताठ उभा राहिला. "नो सर. वुई यूज्ड टु."

साहेबांनी लिहून घेतलं. आठ दिवसांत हुकूम आला, वाट मोकळी करावी. पाटलांच्या गड्यांनी स्वतः काटे उचलले. आम्ही वस्तीत गूळ वाटला. त्या रात्री मला वाटलं, एवढंसं वाक्य, पण केवढं काम केलं यानं!

आषाढात विहीर भरली. भरल्या विहिरीसमोर झिऱ्यापर्यंत कोण जातं? दरवर्षीसारखं सगळे विहिरीचंच पाणी प्यायला लागले. पाणी जरा गढूळ होतं, पण पहिलं पाणी गढूळच असतं. मथुरामाय तेवढी पेल्यात नाक घालून म्हणायची, "वास येऊन राह्यला." आम्ही म्हणायचो, बुढीले साऱ्याचाच वास येते.

आधी वस्तीतल्या लीलाबाईचं तान्हं गेलं. मग तिचा सासरा. एका आठवड्यात बावीस जणं हगवणीनं अंथरुणाला खिळली. त्यांत कांताबाई होती, माझा बा होता. ते दोघं वाचले. मथुरामाय नाही वाचली. मी तिच्या उशाशी बसले होते. ती मला लागेल असा एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी तिनं पोराचा हात धरला आणि म्हणाली, "उकंडा, त्याले काढ तिथून." तिला धर्मपाल नाव ठाऊक होतं, दोन वर्षं तीही तेच म्हणत होती. त्या दिवशी नाही म्हणाली.

तालुक्याहून डॉक्टर आले, विहिरीत लाल औषध टाकलं आणि तेच सांगितलं. विहीर बंद करा, आणि जे पुरलंय ते बाहेर काढून लांब न्या.

म्हणजे हाडकीवर, चावडीवरून. धर्मपालभाऊ आईला माती देऊन आला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं फावडं घेतलं. बा उठायला लागला तर त्याला म्हणाला, "अर्जावर सही माही हाये. दुसरा कोनी हात लावाचा नाही." तोंडाला फडकं बांधून तो खणायला लागला. जे निघालं ते मी सांगत नाही. तट्ट्याच्या मोठ्या टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन, भर दुपारी तो निघाला. पाच खेपा झाल्या. पाणी गळून त्याच्या पाठीवर येत होतं. मी मागं मागं चालत होते. त्यानं मला दोनदा हाकललं, मी गेले नाही.

चावडीवर अर्धा गाव बसला होता. कोणीतरी ओरडलं, "पाहा गा, इंग्रजी बी ढोर वाहून राह्यली!" हशा झाला. शेवटच्या खेपेला पुंडलिकराव स्वतः उठून पायरीवर आले. आवाज अगदी गोड.

"उकंड्या, सोडलं म्हनत होता ना? बरं केलं, पुन्हा धरलं. आमच्या गोठ्यात रात्री म्हैस मेली हाये. तिले बी घेऊन जाय."

धर्मपालभाऊ थांबला. टोपली डोक्यावर तशीच. मला वाटलं आता तो ते वाक्य म्हणेल. सगळ्या गावाला वाटलं असेल.

"हा बैल माहा होता पाटील," तो आपल्या बोलीत म्हणाला. "म्हैस तुमची हाये." आणि पुढं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे झिऱ्याच्या वाटेवर पुन्हा काटे पडले, पहिल्यापेक्षा दुप्पट. तालुक्याला कागदही गेला की वस्तीनं काम पुन्हा सुरू केलं आहे, सबब पूर्वीचा हुकूम रद्द व्हावा. पन्नास माणसांनी पाहिलं होतं, खोटं म्हणायला जागाच नव्हती. आणि आमची विहीर बंद.

धर्मपालभाऊ कागद पुढं घेऊन बसला. सकाळपासून दुपारपर्यंत बसला. लेखणी शाईत बुडवायचा आणि परत ठेवायचा. मी दारात उभी होते. "भाऊ, लिहा ना," मी म्हटलं. तो म्हणाला, "काय लिहू, रुखमे? ओढत नाही म्हनून लिहिलं तं खोटं. ओढतो म्हनून लिहिलं तं मेलो. मधलं काही मले साहेबांपाशी ऐकाले भेटलंच नाही." आणि तो तिथंच, कागदावर डोकं टेकून रडला. चाळीशीचा गडी, आई गेली तेव्हा इतका रडला नव्हता.

घरात आजारी माणसं पाणी पाणी करत होती, दीड कोसाचा वळसा घालायला वेळ नव्हता. मी घागर उचलली. कांताबाईला उभं राहता येत नव्हतं, तरी तिनंही उचलली. लीलाबाई आली. मागून कोण कोण आल्या ते मी वळून पाहिलं नाही. बबनराव बांधावर काठी घेऊन उभा होता. मी काट्यांत पाय टाकला, मग दुसरा टाकला. चप्पल कोणाच्याच पायात नव्हती. काटे हातानं उचलायला गेलो असतो तर त्यानं काठी घातली असती. नुसतं चालणाऱ्या बायांना काय करावं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही गेलो, घागरी भरल्या, त्याच काट्यांतून परत आलो.

संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. धर्मपालभाऊ सुई आणि एरंडाचं तेल घेऊन आला आणि माझ्या पायाशी बसला. मी पाय मागं घेतले, मोठा माणूस, पायाला हात कसा लावू द्यायचा? त्यानं ऐकलं नाही. बोटांच्या बेचक्यातून, टाचेतून, एकेक काटा काढत राहिला. अंधार पडत आला.

मग सुई पुसता पुसता म्हणाला, "उद्या जासीन?"

"उद्या बी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.